कुंड्या, जुनी नाणी आणि अर्धी राहिलेली कादंबरी एकाच खोलीत कशी नांदवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडे बाल्कनी असलेली एक खोली, तीच तुमची लिहायची जागा. तिथेच वीसेक कुंड्या, आजोबांकडून आलेले जुने दिवाळी अंक, जुन्या बाजारातून घेतलेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची) नाणी आणि थोडी शाईची पेनं. पावसाळा लागल्यापासून स्नेक प्लांट बुडातून मऊ पडतोय, अंकांना कुबट वास येतोय आणि दोन-तीन नाण्यांवर हिरवं धरलंय. दोन कादंबऱ्या अर्ध्या आहेत. शिवाय एका दिवाळी अंकासाठी कथा कबूल केली आहे. घरचे म्हणतात, हा सगळा पसारा काढ, म्हणजे लिखाण होईल. आणि तुम्ही मला विचारताय, "ताई, काढू का?"

काढू नका. मी आधी पेठेतल्या वाड्यात आणि मग फ्लॅटमध्ये अशाच खोलीत बसून लिहीत आले आहे. झाडं, अंक, नाणी यांपैकी काहीच लिखाणाच्या आड येत नाही, आड येतो आपला सतत फिरणारा हात. घरातली झाडं बहुतेक वेळा जास्त पाण्याने मरतात. नाणी घासून खराब होतात. आणि कादंबऱ्या? पहिल्याच प्रकरणावर पुन्हा पुन्हा रंधा मारला की त्या तिथेच अडकतात. रोज बघावं, पण हात गरजेपुरताच लावावा. माझं सांगणं एवढंच आहे. मात्र गरज कधी आहे ते ओळखायला प्रत्येक वस्तूचा स्वभाव कळावा लागतो, म्हणून जरा खोलात जाते.

झाडांचं आधी बोलू, कारण ती वाट बघत थांबत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा 38-40 अंशांवर जातो आणि हवा अगदी कोरडी असते. त्या दिवसांत रोज पाणी घालायची सवय लागते. जूनच्या मध्यावर आभाळ भरतं, पुढे कित्येक दिवस नीट ऊन पडत नाही, कुंडीतली माती वाळतच नाही. सवय मात्र मेमधलीच राहते. स्नेक प्लांट तर पाणी पानांत आणि मातीखालच्या जाड खोडात साठवून ठेवणारं झाड. त्याला पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस पाणी नाही मिळालं तरी काही बिघडत नाही. मुळं पाण्यात बसली की त्यांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि बुडापासून सड वर चढते.

तुमचं झाड वाचेल. कुंडीतून काढा, माती झटका, मऊ आणि तपकिरी झालेला भाग धारदार सुरीने कापत पांढऱ्या, कडक भागापर्यंत या. सुरी दर वेळी पुसून घ्या. कापलेला भाग दोन-तीन दिवस सावलीत उघडा ठेवून सुकू द्या, मगच नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिला आठवडा पाणी देऊ नका. मिश्रणाबद्दल आग्रहाने सांगते. सोलापूर रस्त्यावर मांजरी, लोणी, उरळीच्या बाजूला ज्या मोठ्या नर्सऱ्या आहेत, तिथून किंवा गल्लीतल्या गाडीवरून झाड आणलं की ते बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. विकेपर्यंत ताजं दिसावं म्हणून ते ठीक, पण घरात ते ओल धरून बसतं. साध्या घरच्या झाडांना दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटेचा चुरा. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांटला निम्मं मिश्रण वाळू-विटेचंच ठेवा. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही ना, ते बघा. भोक नसलेल्या देखण्या चिनीमातीच्या कुंड्यांत झाड थेट लावू नका. आत भोकाची प्लास्टिकची कुंडी ठेवा आणि पाणी घालताना ती बाहेर काढा.

पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर झारी ठेवून द्या. मी सकाळी झाडांपाशी जाते तेव्हा हातात झारी घेतच नाही. पानं उलटी करून बघते, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तिथल्या तिथे पुसते. जास्त पसरला असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारायचं. पिवळं पडलेलं एखादं खालचं पान हे संकट नसतं, जुनी पानं गळतातच. नव्या पानांचा रंग उडाला, वाढ वाकडी होऊ लागली, तेव्हा जागं व्हायचं.

पश्चिमेची बाल्कनी आहे, तर दुपारी दोननंतरचं ऊन उन्हाळ्यात पानं भाजतं. मनीप्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनिमा खिडकीपासून दोन-तीन फूट आत. स्नेक प्लांटला अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलू नका. ते तिथे तग धरतं, पण वाढत नाही, आणि कमी उजेडात पाणीही कमी ओढतं. लिहिणाऱ्याने एक पीस लिली जरूर ठेवावी. तहान लागली की ती सरळ मान टाकते आणि पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. माती कधी सुकते याचा अंदाज तिच्यावरून शिकता येतो. ब्रह्मकमळ असेल, तेच निवडुंगाच्या कुळातलं, आपल्या बाल्कन्यांत रात्री फुलणारं, तर त्याला बाल्कनीतच राहू द्या.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून, घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पाण्यात बाटलीत लावलेल्या मनीप्लांटचंही तेच.

झाडांमुळे खोलीतली हवा शुद्ध होते म्हणून इतकी ठेवलीत, असंही तुम्ही लिहिलंय. नासाचा 1989 सालचा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, तो बंदिस्त छोट्या पेटीत केलेला होता. राहत्या खोलीत तेवढा परिणाम मिळवायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा हिशोब 2019 मध्ये संशोधकांनी मांडला. झाडं आवडतात म्हणून ठेवा, ते कारण पुरेसं आहे. वीसपैकी ज्यांच्याकडे रोज नजर जात नाही ती शेजाऱ्यांना, सोसायटीच्या बागेला देऊन टाका. आठ-दहा नीट सांभाळता येतात.

आता कागद. तुमच्या खोलीतली खरी अडचण इथे आहे, कारण झाडांना हवी असते ती ओल कागदाला नको असते. आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेची बाहेरची भिंत चार महिने भिजत असते. तुमचं अंकांचं कपाट त्याच भिंतीला टेकलंय. ते आतल्या भिंतीकडे हलवा, भिंत आणि कपाटाच्या पाठीत दोन-तीन इंच जागा सोडा. कुंड्या एका बाजूला, कागद दुसऱ्या. पुस्तकांच्या कपाटावर मनीप्लांट सोडायची पद्धत फोटोत सुंदर दिसते, पण पाणी झिरपलं तर वरच्या कप्प्यातला अंक कळायच्या आत जातो. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. एक साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. काटा तिथे गेला की कपाटाची दारं उघडून पंखा लावायचा, पाऊस नसलेल्या दुपारी खिडक्याही उघडायच्या.

कुबट वास येणारे अंक बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा. उघडीप मिळाली की बाल्कनीत सावलीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने पान न् पान झाडा. थेट उन्हात ठेवलेत तर कागद ठिसूळ होईल. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचा मोह होईल, पण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. कसरीसाठी, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीसाठी, वेखंडाचे तुकडे पातळ कापडात बांधून कप्प्यात ठेवा, पोथ्यांच्या बासनात ठेवायची जुनी रीत आहे.

एक अंक हातात घेऊन मधलं पान उघडा. दोन पिना दिसतील, गंजलेल्या, भोवती तपकिरी डाग. तो गंज दर पावसाळ्यात कागद खात जातो आणि शेवटी मधली पानं सुटून येतात. मधल्या पानावर वळलेले पिनांचे पाय बोथट सुरीने अलगद उभे करा, पीन बाहेरून, अंकाच्या पाठीकडून ओढून काढा, आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने सैलसर टाका घाला. एका अंकाला दहा मिनिटं लागतात. आजोबांच्या अंकांसाठी बाकी काही नाही केलंत तरी हे करा. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची वाट पाडली. या अंकांचा कागद बहुतांशी लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे तो आपोआप पिवळा पडतो, ते थांबवता येत नाही. पेशवे दफ्तरातल्या रुमालांतला (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतला) हातकागद त्याहून कितीतरी जुना असूनही चांगला राहिलाय. तेव्हा पिवळेपणाची चिंता सोडा, ओल आणि गंज सांभाळा.

आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, पण गळकी पाइपलाइन कुठल्याही मजल्यावर असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच: 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घरांतून कागदपत्रं वाहून गेली, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने तोच धडा पुन्हा दिला. एखादं बाड भिजलंच आणि लगेच वाळवणं शक्य नसेल, तर ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर सवडीने पंख्याखाली, टीपकागद घालून वाळवता येतं.

नाण्यांबद्दल तुम्ही विचारलंय, चिंच लावू की पितांबरी. दोन्ही नको, लिंबूसुद्धा नको. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला गडद तपकिरी किंवा हिरवट थर घट्ट, गुळगुळीत असेल तर तो नाण्याचं रक्षणच करतो. तो घासून काढलात की शिवराईवरचं 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' ही अक्षरं आणखी झिजतात आणि जाणकाराच्या लेखी नाण्याची किंमत पडते. पण फिकट हिरवी भुकटी हाताला सुटत असेल तर तो आजार. धातूतली क्लोराइडं दमट हवेत तांबं खात राहतात. तसं नाणं लगेच वेगळ्या डबीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. नारिंगी खडे घ्या, ओल भरली की ते हिरवे होतात, मग बदला. अल्बम पीव्हीसीचा, म्हणजे तीव्र प्लास्टिकचा वास येणारा, मऊ, चिकट पानांचा असेल तर तो टाकून द्या. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनीही तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकिटं पुरतात. नाणं धरायचं ते कडेने. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शिवराईच्या नव्याने पाडलेल्या नकला सर्रास येतात, म्हणून खूप चकचकीत, सगळी अक्षरं ठसठशीत असलेलं नाणं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात, परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवायचा विचारही करू नका.

पेनांचं थोडक्यात. आठवडाभर लिहिणार नसाल तर शाई काढून साध्या गार पाण्याने धुऊन ठेवा. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाला गरम पाणी आणि ऊन लागू देऊ नका, काळा रंग तपकिरी पडतो.

आता ज्यासाठी हे सगळं, ते लिखाण.

शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय बघितलंय ना? दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी आणि कमलाबाईंनी दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी अशा घरगुती वस्तू जमवत वीस हजारांच्या घरात संग्रह नेला आणि पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. लिहिणारा माणूस आणि जमवणारा माणूस एकाच अंगात असणं आपल्या गावाला नवीन नाही. अर्धवट कामाचंही तसंच. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. डेक्कन कॉलेजमधला संस्कृत कोश 1948 पासून चालू आहे. पहिला भाग छापायलाच 1976 उजाडलं, आणि छापलेले खंड अजून 'अ'च्याच घरात आहेत. तिथली माणसं रोज येतात, समोरच्या शब्दाची चिठ्ठी पुरी करतात, उठतात. काम मोठं आहे म्हणून कुणी पहिल्या शब्दाकडे परत जात नाही.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं तुम्ही किती वेळा लिहिली ते आता आठवतही नाही. मला वाटतं तुमची खरी तक्रार ही आहे, झाडं आणि नाणी उगाच बदनाम झालीत. आजपासून ती तीन प्रकरणं उघडायची नाहीत. त्यांत काय बदलायचंय ते सुचलं तर वेगळ्या कागदावर टिपा आणि पुढे लिहा. खर्डा शेवटापर्यंत गेल्यावर त्या टिपांपैकी निम्म्या निरुपयोगी झालेल्या असतील, कारण शेवट लिहिल्यावरच सुरुवात कशाची करायची होती ते कळतं. हे मला पुन्हा पुन्हा अनुभवाला आलंय आणि नव्या लेखकांच्या बाडांतही दिसतं.

टेबलावर एकच बाड. दुसरं जाड फाइलीत घालून कपाटात, आणि फाइलीच्या वर एक चिठ्ठी: कुठे थांबलो, पुढचा प्रसंग कोणता, कुणाच्या तोंडी कोणतं वाक्य येणार आहे, तारीख. ही चिठ्ठी न लिहिता फाइल बंद करायची नाही. सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा सगळं पहिल्यापासून वाचत बसावं लागणार नाही, आणि वाचत बसलं की दुरुस्त्या सुरू होतात. रोजच्या बैठकीतही प्रसंग संपवून उठू नका. पुढचं वाक्य माहीत असताना उठा.

दोनपैकी कोणती आधी? फाइल न उघडता, जिचा पुढचा प्रसंग तुम्ही मला एका वाक्यात सांगू शकता, ती. दोन्हींचा सांगता येत नसेल तर आधी दिवाळीची कथा. नाहीतरी तिलाच तारीख आहे. संपादकांचं पत्र उन्हाळ्यात येतं आणि मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत हातात लागतो, म्हणजे आपला लिखाणाचा हंगाम नेमका कुंड्या सडायच्या आणि कागद ओलावायच्या दिवसांत असतो. म्हणून पावसाळ्यात नवीन झाड आणायचं नाही, कुंड्या बदलायच्या नाहीत, जुन्या बाजारात जायचं नाही. तुमचं आजारी झाड वाचवा, अंक आणि कपाट हलवा, हिरवं नाणं वेगळं करा. एवढं या रविवारी उरकून घ्या. पिनांचं काम रोज रात्री एका अंकाने सुरू ठेवा, ते हाताचं काम आहे, त्यात डोकं मोकळं राहतं.

दिवसाची घडी मी अशी ठेवते: सकाळी झाडांवरून एक नजर, मग सरळ टेबल. पाणी लिखाण झाल्यावर, आणि तेही ठरलेल्या वारी, बोट घालून बघून. नाणी-पेनांचा डबा फक्त रविवारी संध्याकाळी उघडते. लिहिताना अडल्यावर उठून कुंड्यांशी खेळायचं नाही, हा नियम मी कसोशीने पाळते. अडल्यावर खुर्चीतच बसायचं, खिडकीबाहेर बघायचं, पण उठायचं नाही. बरेचदा वाक्य सुचतंच.

संगणकावरच्या जुन्या मजकुराकडेही लक्ष द्या. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइली असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि एक प्रत छापून ठेवा. फाँट नसलेल्या संगणकावर ती मराठी वाचताच येत नाही, आणि बदलताना जोडाक्षरं, रफार बिघडतात, ते मूळ प्रत समोर ठेवूनच दुरुस्त करता येतं.

आणि एक वही घाला. संग्रहातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक झाड, प्रत्येक बाड यांना तीत एकेक ओळ द्यायची. नाण्यासाठी कुठे मिळालं, कितीला, कोणत्या वर्षी, वजन, दोन्ही बाजूंना काय दिसतं. अंकासाठी वर्ष, मुखपृष्ठ शाबूत आहे की नाही, आजोबांनी समासात काही लिहिलंय का. बाडासाठी कोणती प्रत, कोणत्या तारखेची. नाणी आणि अंक तुमच्यानंतर कुणाकडे जातील तेव्हा या ओळींवाचून ती नुसतीच जुनी तांब्याची चकती आणि रद्दी ठरेल. आजोबांच्या अंकांबद्दल घरात ज्यांना आठवतंय त्यांना या आठवड्यातच फोन करा, कोणता अंक त्यांनी कुठून आणला ते विचारून घ्या आणि त्याच दिवशी वहीत उतरवा.